कॅफे, गणपती मंडळ की नाट्यगृह: गाण्याचा कार्यक्रम आधी कुठे विचारायचा?

तीन-चार जणांचा ग्रुप जमलाय, अभंग, भावगीतं, थोडी नाट्यगीतं असा दीड तासाचा कार्यक्रम बसलाय, आता विचारायचं कुणाला? मी पुण्यात तबला वाजवतो आणि ग्रुपच्या बुकिंगचे फोनही बऱ्याचदा मीच करतो, त्यामुळे सरळ सांगतो, सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड करू नका. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

कॅफेवाल्याला तुमचा रियाज किती वर्षांचा यात फारसा रस नसतो. मधल्या वारी रिकामी राहणारी टेबलं भरतील का आणि आलेली माणसं काही मागवतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून पहिल्याच फोनला शनिवार मागू नका, बुधवार-गुरुवार मागा. आणि जागेचं आधी बोला. बैठकीचं गाणं म्हटलं की पेटी, तबला, गायक, साइड ऱ्हिदम (टाळ-खंजिरीसारखी जोडीची तालवाद्यं) मिळून साधारण 8 बाय 6 फूट तरी लागतं, म्हणजे त्याची दोन टेबलं गेली, हे तुम्हीच आधी सांगून कुठला कोपरा चालेल ते जाऊन बघून आलात तर तो तुम्हाला वेगळ्या नजरेने बघतो. मानधन कमीच मिळतं, नाहीतर कव्हर चार्जमधला, म्हणजे प्रवेशाच्या पैशातला वाटा. वाटा ठरला तर दारावर मोजणार कोण हेही ठरवा. लोक जेवत गप्पा मारणार हे धरूनच चला, पण चांगल्या उजेडात दोन गाण्यांचा नीट व्हिडिओ काढून घ्या, तो पुढे सगळीकडे लागतो.

गणपती मंडळ किंवा सोसायटीचा गणपती म्हणजे सुपारीचा कार्यक्रम, आयोजक ठरलेली रक्कम देतो, तिकीट विकायची चिंता नाही. पैसा वर्गणीतून आणि स्पॉन्सरकडून येतो, त्यामुळे कार्यकर्ता दोनच गोष्टी विचारतो, बजेट किती आणि पब्लिक बसेल का. इथे लांबलचक माहिती पाठवलीत तर कुणी वाचत नाही. व्हॉट्सॲपवर असं काहीतरी पुरतं: "चार कलाकार, दीड तास, अभंग आणि जुनी गाणी. साऊंड आमचा धरून इतके, तुमचा असेल तर इतके. निवेदनात स्पॉन्सरचं नाव दोनदा घेऊ." सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ, बास. साऊंडचा आकडा वेगळा दाखवाच, कारण घासाघीस तिथेच होते आणि मग कात्री कलाकारांच्या मानधनाला लागते. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद, काही ठरावीक दिवशीच 12 पर्यंत सूट असते, आणि आरती लांबली की तुमचा वेळ खाल्ला जातो, म्हणून एका तासात उरकेल अशी यादीही तयार ठेवा. बयाणा घेतल्याशिवाय तारीख अडवून ठेवू नका. विचारायचं आधी, मंडळाच्या मीटिंगा सुरू होतात तेव्हाच, गणपती बसायच्या आठवड्यात फोन करून काही होत नाही.

दिवाळी पहाट यातच धरा, फक्त श्रोता जास्त जाणकार आणि स्पर्धा फार. मैदानात असेल तर सकाळी 6 च्या आधी लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे आयोजक साडेपाच म्हणाला तर हॉल आहे का मैदान ते विचारा.

नाट्यगृहात तुम्ही पिच करतच नाही खरं तर, भाडं भरता आणि तारीख घेता, पटवायचं असतं प्रेक्षकाला. बालगंधर्व रंगमंदिराला साधारण हजार खुर्च्या आहेत, नव्या ग्रुपने तिकडे बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दोनशे माणसं आली तरी हॉल रिकामा दिसतो आणि कलाकार खचतात. सुदर्शन रंगमंचसारखी छोटी जागा बघा, तिथे थोड्या माणसांतही मैफल रंगते. तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, तेवढंच ठेवा. गाण्याऐवजी एकपात्री किंवा नाट्यप्रवेश करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) प्रमाणपत्र लागतं, तो वेळ धरूनच तारीख घ्या.

नवीन असाल तर आधी कॅफे, तो व्हिडिओ घेऊन मंडळं, हाच क्रम ठेवा. ओळखीबाहेरचे लोक स्वतःहून पुढचा कार्यक्रम कधी विचारायला लागले की मगच नाट्यगृहाचं भाडं भरा.