भुंगेरे मोजायचा तयार संच: कप झकास, जाळी मात्र चुकीची

शहराच्या काठापासून मोकळ्या सॅव्हानापर्यंत भुंगेऱ्यांत काय फरक पडतो ते पाहायचं, तर जमिनीत पुरायचे सापळे, म्हणजे चालता चालता किडे आत पडतील असे कप, लागतातच. या संचात २० जोडकप, पारदर्शक झाकणं, तारेची जाळी, हातगिरमिट आणि तापमान नोंदवणारा छोटा लॉगर मिळतो.

कपांना तोड नाही. बाहेरचा कप पुरलेलाच राहतो, आतला तेवढा उचलायचा, म्हणजे दर खेपेला माती विस्कटत नाही. कड मात्र मातीच्या सपाटीलाच हवी. नखभर वर राहिली तरी बारके भुंगेरे वळसा घालून निघून जातात. काळी चिकण माती उन्हात आकसते, कपाभोवती फट पडते आणि किडे कपाऐवजी फटीत उतरतात. प्रत्येक फेरीला कडेची माती बोटाने दाबून घ्यायची. ताज्या खणलेल्या मातीमुळे पहिले काही दिवस आकडा फुगतो, म्हणून कप पुरून आठवडाभर बंद ठेवलेले बरे. भराव टाकलेल्या शहरी जमिनीत गिरमिटाचं काही चालत नाही. तिथे पहारच घ्यावी लागते.

खरी गोम जाळीत आहे. भोकं १.२ सेंटीमीटरची. बेडूक, सरडे वाचतात हे चांगलंच, पण हेलिओकोप्रिससारखे पाच सेंटीमीटर लांबीचे शेणकिडेही आत येऊ शकत नाहीत. वस्ती वाढली, गुरं आणि रानातली मोठी जनावरं हटली, माती रोलरखाली घट्ट झाली, की खोल बिळं खणणारे हे थोराड किडे सहसा आधी नाहीसे होतात. ज्यांची गैरहजेरी टिपायची, त्यांनाच संच दारात अडवतो! शेणाचं आमिष लावलेल्या सापळ्यांवरची जाळी काढा आणि ते २४ तासांत तपासा. दोन आमिषांत किमान ५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याचे किडे ओढतो.

पारदर्शक झाकणाखाली ऊन कोंडतं आणि पडलेले किडे टिकावेत म्हणून कपात ओतलेला द्रव भराभर आटतो. पांढरं अपारदर्शक झाकण बसवा, जमिनीपासून तीनेक सेंटीमीटर वर. द्रवासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी समसमान, वर बिनवासाच्या साबणाचा एक थेंब. एथिलीन ग्लायकॉल नको: गोडसर असल्याने जनावरं पितात आणि विषबाधा होते. वळवाच्या सरीत कप भरून वाहतो, त्यावर संचात काहीच सोय नाही. आतल्या कपाला कडेखाली दोन सेंटीमीटरवर भोकं पाडून बारीक जाळी चिकटवावी.

लॉगर उन्हात ठेवला तर भलतेच आकडे दाखवतो. पाच सेंटीमीटर खोल मातीत पुरा. तो लागतोच, कारण सापळा संख्येबरोबर धावपळही मोजतो. तापलेल्या उघड्या जमिनीवर किडे जास्त पळतात, जास्त पडतात, आणि काँक्रीटलगतचा तुकडा उगाच समृद्ध दिसतो. पहिल्या पावसानंतर भुंगेरे एकदम बाहेर येतात, त्यामुळे सगळ्या ठिकाणचे कप एकाच दिवशी उघडा आणि एकाच दिवशी उचला.