कॉम्पॅक्ट ऑक्सफर्ड (१९७१, दोन खंड): घेण्याआधी खण उघडून बघा

मूळच्या पानांची चार-चार पानं एका पानावर बसवून अख्खी ऑक्सफर्ड डिक्शनरी दोन खंडांत कशी आणली, ते परत सांगत बसत नाही. मी सेकंडहँड घेतली. जाहिरातीत 'बॉक्स आणि भिंगासह, उत्तम स्थितीत' असं होतं. बॉक्स आला, बॉक्सच्या वरचा तो छोटा खणही आला, पण खण रिकामा. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "साहेब, भिंग ही ॲक्सेसरी झाली." अहो, ह्या कोशाला भिंग ॲक्सेसरी? भरपूर हुज्जत घातल्यावर एक गोल, प्लास्टिकचं पाठवलं. कुरियर माझ्या खर्चाने. कडेला त्यातून ओळी वाकलेल्या दिसतात. त्याच दिवशी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

भिंगावरून एवढी आदळआपट का, तर वापरातून गेलेल्या शब्दाच्या किंवा अर्थाच्या आधी ह्या कोशात कट्यारीची बारीक खूण असते. जुन्या शब्दांसाठी कोश घेणाऱ्याला हीच खूण हवी असते. प्लास्टिकच्या भिंगातून ती 'टी' ह्या अक्षरासारखी दिसते.

अर्थ कालक्रमाने लावलेत, सगळ्यात जुना आधी. सुरुवातीला ह्याचा वैताग यायचा, कारण आजचा अर्थ गाठायला रकाना उतरत जावं लागतं. आता त्याचीच चटक लागलीय. 'नाइस' म्हणजे आधी मूर्ख, 'गर्ल' म्हणजे मुलगा किंवा मुलगी, कोणीही. १६११ च्या इंग्रजी बायबलातलं 'मीट ऑफरिंग' मला कायम अडायचं, कारण लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचं साहित्य दिलंय ते सपीठ, तेल आणि धूप. मांसाचा तुकडा नाही! कोशात बघितलं तर 'मीट'चा जुना अर्थ नुसतं अन्न. नैवेद्य शुद्ध शाकाहारी निघाला. 'ओव्हरमॉरो' सापडला तेव्हा तर रात्री साडेअकराला बायकोला हाक मारली. येणाऱ्या परव्याला इंग्रजीत शब्द होता, १५३५ च्या कव्हरडेल बायबलात छापलेला, आणि ह्या लोकांनी तो टाकून दिला. बायको म्हणाली, झोपा आता.

आता तक्रार. पुठ्ठ्यावर १९७१ बघून फसू नका. आतला मजकूर १९२८ साली पूर्ण झालेल्या कोशाचा, वर १९३३ ची पुरवणी, बस. 'पेट्रिकोर' (पहिल्या पावसात मातीला सुटणारा वास) शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, तो शब्दच १९६४ चा. आणि ती पुरवणी दुसऱ्या खंडाच्या शेवटी. 'अपेंडिसायटिस' घ्या. १९०२ मध्ये त्या दुखण्यापायी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक पुढे ढकलला, तेव्हा हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात नव्हता, कारण ए अक्षराचं काम आधीच छापून झालं होतं. म्हणजे पहिला खंड उचला, बघा, ठेवा, मग दुसरा उचला. दोन्ही खंड दोन हातांनीच उचलावे लागतात. माझी पाठ आणि आमचं टीपॉय, दोघंही कुरकुरतात.

इथवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मुलाने मोबाइलने पानाचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून दाखवला. कट्यार स्वच्छ! मुंगसाचा इंग्रजी शब्द मराठीतून गेला हे त्या नोंदीत आधीही वाचलं होतं, पण मराठी उच्चारावरची दीर्घ स्वराची आडवी रेघ पहिल्यांदा दिसली. त्यामुळे भिंगाचा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच, कारण मोबाइलची मेमरी आता नातवाच्या फोटोंऐवजी कोशाच्या पानांनी भरलीय आणि सूनबाईंनी त्यावर बोलून झालंय.

मुलाचं म्हणणं, हे सगळं ऑनलाइन मिळतं. मिळतं, पण त्याची वर्गणी दरवर्षी भरायची. हा कोश एकदा पैसे टाकले की आपला.

पन्नाशी उलटली असेल तर १९९१ च्या एका खंडातल्या आवृत्तीच्या नादी लागू नका, त्यात पानावर नऊ पानं आहेत. हीच घ्या. विक्रेत्याकडून खण उघडलेला फोटो मागवा, भिंग नसेल तर तेवढे पैसे कमी करायला लावा. मी चार स्टार देतोय. पाचवा कुरियरच्या पैशांपोटी कापलाय.