जुन्या व्हीसीडी-डीव्हीडीतला आवाज ओपसमध्ये: एफएफएमपेगचा अनुभव कसा येतो

जुन्या व्हिडिओतला आवाज वेगळा काढून ओपसमध्ये, म्हणजे लहान फाइलीत चांगला आवाज बसवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, ठेवायला एफएफएमपेगइतकं भरवशाचं दुसरं साधन नाही. ते फुकट आहे आणि डॅट, व्हीओबी, थ्रीजीपी, रियलमीडिया असं जवळपास सगळं वाचतं. बटणं मात्र नाहीत, टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात.

व्हीसीडीच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरातली डॅट फाइल आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा. फाइल ओळखली गेली नाही, तर तिच्या नावाआधी ‘-एफ एमपेग’ लिहा. आतला आवाज २२४ केबीपीएसचा (सेकंदाला २२४ किलोबिट) एमपी२ असतो, म्हणजे तासाला सुमारे १०० एमबी. ‘-व्हीएन’ने चित्र वगळलं जातं. पुढे ‘-सी:ए लिबओपस -बी:ए ९६के’ (म्हणजे ९६ केबीपीएस) दिलं की तोच तास ४३ एमबीत बसतो आणि गाणीही छान वाजतात. ‘लिब’ विसरू नका. नुसत्या ‘ओपस’ने एफएफएमपेगमधलाच प्रायोगिक एन्कोडर (ओपस फाइल बनवणारा भाग) निवडला जातो आणि काम अडतं. नवी फाइल नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्‌झ दाखवते, ते ठीकच आहे. ओपस तसंच चालतं.

कीर्तन-व्याख्यानाला ‘-एसी १’ (एकच चॅनल, म्हणजे मोनो) आणि ३२के पुरतात, तासाला १४ एमबी. पण आधी डावा-उजवा चॅनल वेगवेगळा ऐका. कॅरिओकेच्या व्हीसीडीत एका बाजूला नुसतं संगीत असतं. मोनो केलं की दोन्हींची खिचडी होते.

खरा त्रास डीव्हीडीच्या ५.१ (सहा चॅनलच्या) आवाजाचा. चॅनलची मांडणी लिबओपसला चालत नाही आणि ‘इनव्हॅलिड चॅनल लेआउट’ असा संदेश येतो. ‘-एसी २’ दिलं की सुटतं. ट्रॅक अनेक असतील तर ‘-मॅप ०:ए:१’ने दुसरा निवडा, नाहीतर एफएफएमपेग सहसा जास्त चॅनलवालाच उचलतं.

जुन्या मोबाइलचा एएमआर आवाज ८ किलोहर्ट्‌झचा असतो. त्याला १२८के देणं म्हणजे निव्वळ जागा वाया घालवणं.

ओपस करताना थोडं काही कायमचं जातंच. म्हणून दुर्मीळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत ‘-सी:ए कॉपी’ने जशीच्या तशी काढून ठेवाच. आयफोनवर ऐकणाऱ्यांसाठी एम४ए फाइलीतलं एएसी (आवाजाचा दुसरा फॉरमॅट) सोयीचं.

फायलींची यादी लूपमध्ये (एकेक नाव आपोआप घेत) वाचून ढीगभर फायली करताना ‘-नोएसटीडीइन’ लावा. नाहीतर एफएफएमपेग यादीतलीच अक्षरं गिळतं आणि पुढच्या फायली सुटतात.