सायकल डवरा: हंगामाबरोबर सुधारत जाणारे अवजार

दारव्हा तालुक्यातील एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपने यंदाच्या खरिपात सायकल डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढण्यासाठी हाताने ढकलायचे चाकाचे अवजार, ज्या पद्धतीने विकला, ती पद्धत त्या डवऱ्याहूनही अधिक दखल घेण्याजोगी आहे. गिऱ्हाइकाला आधी चाक, दांडा आणि एकच पास (माती कापणारे पाते) बसवलेला साधा डवरा निम्म्या किमतीत मिळतो. पहिली डवरणी झाली की कारागीर स्वतः बांधावर येऊन पास किती खोल जाते, माती कोठे अडते, मूठ उंचीला जुळते की नाही हे पाहतो आणि पुढच्या डवरणीआधी तेवढाच भाग बदलून देतो.

सॉफ्टवेअरच्या जगात याला, म्हणजे थोडे बनवून, वापरून पाहून टप्प्याटप्प्याने सुधारत जाण्याला, अजाईल म्हणतात. त्याचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेत १७ जणांनी लिहिला खरा, परंतु त्यातील स्क्रम या पद्धतीचे मूळ ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांच्या १९८६ च्या लेखात आहे, आणि तो लेख होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा अशा वस्तूंविषयी होता. तेव्हा लोखंडाला ही पद्धत परकी नाही.

अडचण वेळापत्रकाची आहे. सॉफ्टवेअरमध्ये दर दोन आठवड्यांनी चाचणी ठरवता येते. येथे पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काळ्या रानात वाफसा, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी अशी मातीची स्थिती, येईपर्यंत डवरा घालताच येत नाही, कारण ओल जास्त असेल तर पासेला चिखल चिकटतो आणि जमीन टणक झाली की पास नुसती वरून घासत जाते. वर्कशॉपने तारखा न बांधता वाफशाची वाट पाहिली, हे शहाणपणाचेच. पासेसाठी डाय (साचा) न करता ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून ती हाताने कापली जाते, त्यामुळे आकार चुकला तरी नुकसान थोडे होते.

मात्र एक दोष गंभीर आहे. मधल्या एका बदलात सांगाड्यावरील बोल्टची छिद्रे सरकवली गेली, आणि सोयाबीनच्या ४५ सेंटिमीटरच्या ओळींसाठी आधी घेतलेली रुंद पास नव्या सांगाड्यावर बसेना. प्रत्येक फेरीत काहीतरी बदलायचेच असेल, तर भाग एकमेकांना जेथे जोडले जातात ती मापे पहिल्याच दिवशी कायम करावी लागतात. तक्रारीनंतर छिद्रांच्या जागी लांबट खाचा कापून मिळाल्या, त्याही विनामोबदला.

ज्यांना पेरणीनंतर लगेच तयार अवजार हवे, त्यांनी बाजारातला डवरा घ्यावा. येथून घेणाऱ्यांनी छिद्रांमधील अंतर पावतीवर लिहून घ्यावे आणि उरलेली रक्कम शेवटच्या डवरणीनंतरच द्यावी. वर्कशॉपचीही त्याला हरकत नसते.