देवनागरी वहीतून स्वाहिली: सहा महिन्यांच्या वापरानंतर

साधनं तीनच होती: फोनवरचं एक मोफत ॲप, नवशिक्यांसाठीचा एक ऑडिओ कोर्स आणि दोनशे पानी वही. रोज वीस मिनिटं, सहा महिने. उद्देश मर्यादित होता. टांझानिया किंवा केनियातल्या माणसाशी नीट रामराम-श्यामश्याम करता यावा आणि तोंडातून निघालेला शब्द त्याला पहिल्या झटक्यात कळावा, इतकाच.

ॲप आणि कोर्स दोन्ही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेले आहेत, आणि मराठी माणसाची खरी अडचण तिथेच होते. पहिले आठ-दहा धडे 'आ'ला आ म्हणा, 'ए'ला ए म्हणा, 'र' जिभेच्या टोकाने काढा, यातच जातात. हे आपल्याला फुकटात येतं, तेव्हा ते धडे दुप्पट वेगाने ऐकून सोडले तरी चालतं. आपण जिथे हमखास चुकतो, त्याबद्दल मात्र दोन्हीकडे अवाक्षर नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती आघाताची, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा याची. स्वाहिलीत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि ते अक्षर किंचित लांबतं. 'लाज़िमा'सारखे अपवाद अगदी थोडे. आता मराठी शुद्धलेखनाचा नियम आठवा: शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व. म्हणजे बरोब्बर उलटं! 'या, स्वागत आहे' हा शब्द आपला हात सवयीने 'करिबू' असा लिहितो, आणि लिहिलं तसंच तोंड बोलतं: शेवटचा 'बू' लांब. खरा उच्चार आहे कारीबु. अनेकांना उद्देशून म्हणताना शेवटी 'नि' लागतो आणि आघात एक घर पुढे सरकतो: कारिबूनि. वहीसाठी म्हणून दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत. शेवटचा इकार-उकार कायम ऱ्हस्व, उपान्त्य दीर्घ. आणि जिथे 'आ' आहे तिथे काना द्यायचाच. काना न देता 'हबरी' लिहिलं की महिनाभराने तोंडातून 'हब्री' येणार हे नक्की. या लेखातले स्वाहिली शब्द त्याच पद्धतीने लिहिले आहेत. शुद्धलेखनवाल्यांनी क्षमा करावी.

दुसरी खोड च आणि ज यांची. आपल्याकडे चाकातला च वेगळा, चिमणीतला वेगळा. स्वाहिलीत फक्त चिमणीतला आहे. 'चाकूला' म्हणजे जेवण. शब्द चाकूसारखा दिसतो म्हणून तसा म्हटला की समोरचा गोंधळतो. ज सुद्धा जीव-जेवणातला, जांभळातला नव्हे. 'जांबो' म्हणताना नेमकं जांभूळच आठवतं, ही आपली अडचण. आणि झेब्र्यातला स्वच्छ घासटता आवाज स्वाहिलीत सारखा लागतो. त्यासाठी वहीत नुक्ता देऊन ज़ लिहिला. तिथे जीभ टाळूला टेकली तर 'न्ज़ूरि'चं 'न्जूरि' होतं.

महाप्राणांचा मोह टाळावा. रोमन लिपीत टी-एच, डी-एच, जी-एच दिसलं की आपण लगेच थ, ध, घ वाचतो. ते तसं नाही. 'कृपया'साठीच्या 'ताफाद़ालि'मधला द़ दातांमधून हवा जाऊ देऊन काढायचा. 'महाग' म्हणजे 'ग़ालि', त्यातला ग़ उर्दू गज़लेतला. हे दोन्ही आवाज अरबीतून आलेल्या शब्दांत येतात. किनाऱ्यापासून आत गेल्यावर तिथलीच बरीच माणसं द़च्या जागी सरळ ज़ म्हणतात, त्यामुळे इथे फार घाम गाळायची गरज नाही.

घाम गाळायचा तो शब्दाच्या सुरुवातीच्या अनुनासिकावर. 'म्तु' म्हणजे माणूस. यातला म् हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला स्वतःची मात्रा आहे, आणि दोनच अक्षरं असल्याने आघातही त्याच्यावरच येतो. ओठ मिटून एक मात्राभर गुणगुणायचं, मग 'तु'. 'मतू' नको, 'एमतू' तर नकोच. टाळ्या वाजवून मोजलं की पटकन बसतं: म्तु दोन टाळ्या, म्तोतो (मूल) तीन टाळ्या. 'म्वालीमु' (शिक्षक) मात्र तीनच टाळ्यांचा, कारण तिथे म् पुढच्या 'वा'ला चिकटतो. टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना लोक याच शब्दाने ओळखत. 'किती' या अर्थाच्या 'ङ्गापि'साठी एक युक्ती उपयोगी पडली: आधी 'रंगापि' म्हणायचं, मग र गाळून 'अंगापि', मग अ सुद्धा गाळायचा. आठ-दहा दिवस लागतात. 'ङोम्बे' (गाय) मध्ये ग अजिबात नाही, नुसता वाङ्मयातला ङ. हा फरक देवनागरीत जितका स्वच्छ दिसतो, तितका रोमनमध्ये दिसत नाही. तिथे एका लटकत्या चिन्हावर सगळा भार असतो.

आता अभिवादनं. ॲपचा पहिला शब्द 'जांबो'. जांबो म्हणजे बाब, भानगड. खरा प्रश्न 'हुजांबो?', म्हणजे 'काही भानगड नाही ना?', आणि उत्तर 'सिजांबो', म्हणजे 'नाही, काही नाही'. अनेकांना विचारताना 'हाम्जांबो?', उत्तर 'हातुजांबो'. नुसतं 'जांबो' हे पर्यटकांसाठीचं नाणं आहे. त्याला 'सिजांबो' असं उत्तर दिलं की समोरचा बहुधा ओळखतो की हा थोडं शिकून आलाय, आणि मग खरी स्वाहिली सुरू होते.

रोजच्या वापरातलं म्हणजे 'हाबारि'. आपल्या 'खबर'चंच भावंड. हाबारि ज़ा आसुबूहि (सकाळची), ज़ा म्चाना (दुपारची), ज़ा काज़ि (कामाची), ज़ा साफारि (प्रवासाची; साफारि म्हणजे कुठलाही प्रवास, जंगलातलाच असं नाही). उत्तर 'न्ज़ूरि', 'न्जेमा' किंवा 'सालामा', म्हणजे छान, ठीक. दिवस कितीही वाईट गेला असला तरी आधी 'न्ज़ूरि' म्हणायचं, रडगाणं त्यानंतर. केनियात 'म्ज़ूरि' सर्रास ऐकू येतं. कोर्सप्रमाणे ते चूक, रस्त्यावर चालतं. तरुणांमध्ये 'माम्बो?' किंवा 'व्हीपि?' आणि उत्तर 'पोआ'. ही वयस्कर माणसापुढे वापरायची नाहीत.

वयस्करांसाठी 'शिकामोओ'. पाय धरण्याच्या अर्थाशी याचं नातं सांगतात. म्हणजे आपलं 'पाया पडतो'च की. उत्तर एकच: 'माराहाबा'. मोठ्याने उलट शिकामोओ म्हणायचं नसतं. शेवटचे दोन ओ वेगळे म्हणायचे, आघात पहिल्यावर. टांझानियात याच्याशिवाय पान हलत नाही. नैरोबीत बरंच कमी ऐकू येतं. सकाळी दुकानात साधारण असं चालतं:

— शिकामोओ, मामा.
— माराहाबा. हुजांबो?
— सिजांबो. हाबारि ज़ा आसुबूहि?
— न्ज़ूरि. न्युम्बानि हावाजांबो?
— हावाजांबो.

घरच्यांची चौकशी झाली, आता साखर मागायला हरकत नाही. मागताना 'नाओम्बा' (विनंती करतो) वापरावं: 'नाओम्बा चाइ'. ॲपने शिकवलेलं 'नीपे' म्हणजे थेट 'दे मला'. ते घरात ठीक.

वरच्या संवादातली मामा ही बाई आहे, हे लक्षात आलं असेलच. मराठी माणसाची सगळ्यात गमतीची फजिती या नात्यांत होते. मामा म्हणजे आई किंवा आईच्या वयाची बाई. दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे बाबाच राहिले. हॉटेलात वाढणाऱ्या मुलीला 'दादा' आणि पोऱ्याला 'काका' म्हणायला जीभ पहिले दोन महिने तयारच होत नाही. पाठ करून उपयोग नाही. 'दादा, नाओम्बा माजि' (ताई, पाणी द्या ना) असं पूर्ण वाक्य रोज दहा वेळा म्हटलं, तर तिसऱ्या आठवड्यात सुटतं.

'पोले' या एका शब्दाचं भाषांतर ॲपने 'सॉरी' असं करून घात केला आहे. पोले म्हणजे समोरच्याच्या त्रासाबद्दलची कणव. त्यात आपली चूक असायलाच हवी असं नाही. कोणी ठेचकाळलं तर पोले. प्रवासातून आलेल्याला 'पोले ना साफारि', राबणाऱ्याला 'पोले ना काज़ि'. माफी मागायची तर 'सामाहानि'. कुणाच्या पायावर पाय पडला तर आधी सामाहानि, मग पोले.

साधनांबद्दल निवाडा असा: ऑडिओ कोर्स ठेवण्यासारखा आहे. त्यातली स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर बेतलेली प्रमाण भाषा आहे, जी 1928 मध्ये मोंबासाच्या परिषदेत स्वीकारली गेली. ऐकायला स्वच्छ, पण नैरोबीच्या बसमध्ये ती तशी भेटणार नाही. ॲप तिसऱ्या महिन्यात बंद केलं तरी बिघडत नाही. त्याची मायक्रोफोनची परीक्षा 'करिबू'लाही हिरवी खूण देते, म्हणजे नेमकी आपली चूक पास होते. त्याऐवजी एक वाक्य ऐकायचं, फोनवर स्वतःचं रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही लागोपाठ लावून फक्त शेवटचा स्वर तपासायचा. आठवड्याला बारा-पंधरा शब्द पुरे. चौथ्या महिन्यापासून बीबीसी स्वाहिलीच्या बातम्या पाऊणपट वेगाने लावल्या, तर अर्थ कळला नाही तरी आघाताचा ठेका कानात बसतो. पुण्यात टांझानिया-केनियाचे विद्यार्थी बरेच आहेत. बोलायला माणूस मिळाला तर वही बाजूला ठेवावी.

एक धडा दोन्हीकडे नाही: निरोप. 'क्वाहेरि' एकदम म्हटलं तर तुटक वाटू शकतं. आधी 'हाया' (बरं तर), मग 'आसांते' (धन्यवाद), मग 'तुताओनाना' (भेटूच). समोरचाही 'हाया' म्हणतो, आपण पुन्हा 'हाया' म्हणायचं, आणि मग निघायचं.