एमजी टीडीचा नवा लाकडी सांगाडा : धुळ्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

गाडीला नवं लाकूड बसवून झालं तेव्हाच लिहायचं होतं. पण धुळ्याचा मे महिना काढल्याशिवाय लाकडाबद्दल बोलणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुनेचं कौतुक. आता पाऊसही होऊन गेला, तेव्हा लिहितो.

टीडी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी, दोन माणसांची जुनी गाडी. ती १९४९ ते १९५३ या काळात निघाली, एकूण जेमतेम तीस हजार. आमची १९५१ची. चॅसी, म्हणजे खालची चौकट, लोखंडी, पण वरची बॉडी म्हणजे अॅश या विलायती लाकडाचा सांगाडा आणि त्यावर कडा वळवून बारीक खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. छत (हूड) कापडी, म्हणजे दारांना वरून काही आधार नाही. शिवाय या गाडीची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली. चालत्या गाडीत कुलूप निसटलं तर वाराच दार उघडतो. म्हणून बिजागरीचा खांब कुजलेला असताना गाडी फिरवणं हा शुद्ध वेडेपणा, आणि तो मी दोन वर्षं केला.

पत्रा उचकटला तेव्हा खालच्या लांब पट्टीचा हातात भुगा आला. अॅश चिवट, लवचीक, धक्के खाणारं लाकूड. पण ओल लागली की लवकर कुजतं आणि वाळवीलाही आवडतं. "सातपुड्याचा साग पडलाय की घराशेजारी, तो का नाही?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. साग टिकाऊ, कमी हलणारा, हे खरंच. पण तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो, आणि वाळलेल्या सागाच्या अरुंद पट्टीत हुडाच्या कापडाचे खिळे ठोकले की ती चिरते. आम्ही एक नमुना ठोकून बघितला, तिसऱ्या खिळ्याला चीर. सांगाड्याला अॅशच ठेवलं, तळाला १२ मिमी मरीन (पाण्याला टिकणारा) प्लाय टाकला आणि तळाखालच्या आडव्या पट्ट्या तेवढ्या सागाच्या केल्या. त्या आजही जशाच्या तशा आहेत.

कापलेल्या लाकडांचा संच इंग्लंडहून मागवला. लाकडापेक्षा भाडं आणि कस्टम जड झालं. काम मात्र स्वच्छ: रेषा सरळ, गाठी नाहीत, कुसू (सांध्यात बसणारी टोकं) घट्ट. तुकडे थोडे जाड ठेवलेले असतात, रंधा आपणच मारायचा. एक तुकडा चुकीच्या बाजूचा आला, तो बदलून मिळायला सात आठवडे आणि अकरा ईमेल लागले.

खोकं उघडलं ऑक्टोबरात. सुतारनाना लाकडावर हात फिरवत म्हणाले, "भाऊ, लाकूडले आपला गावनी हवा लागू द्या पहिले." मला घाई. उजव्या बाजूचा बिजागरीचा खांब आणि लांब पट्टी त्याच महिन्यात बसवून टाकली. डावी बाजू मात्र त्या चुकलेल्या तुकड्यापायी रखडली, आणि तिचं लाकूड माळ्यावर तीन महिने पडून राहिलं. ती बसली जानेवारीत.

मित्राकडून ओल मोजायचं मीटर आणलं होतं. लाकूड आलं तेव्हा १३ टक्के, जानेवारीत ९, मे महिन्यात ७. म्हणजे उजवी बाजू बसवल्यावर सहा टक्के वाळली, डावी फक्त दोन. ७५ मिमी रुंदीचं लाकूड एवढं वाळलं की मिलिमीटरभर आक्रसतं. ऐकायला काहीच नाही. पण मे महिन्यात लळिंगपर्यंत एक चक्कर मारून आलो आणि उजव्या दाराचं कुलूप पुढच्या खांबाच्या खाचेत जाईना. मागच्या, बिजागरीच्या खांबाच्या सांध्यात फट पडली होती, स्क्रू हाताने फिरत होते. नानांनी तिथे नेहमीचा पांढरा गोंद वापरलेला. भर उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो आणि तो गोंद उष्णतेने मऊ पडतो. डावीकडे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद होता. तिकडे केसभरही फट नाही.

जूनमध्ये उजव्या फटीत अॅशचीच पाचर इपॉक्सी लावून घातली, स्क्रू लांब घेतले, चॅसी आणि बॉडीच्या मधली रबरी पट्टी थोडी जाड केली. या पट्ट्यांवर दाराची फट बरीच कमीजास्त होते, आधी तिथे हात घालायचा, रंध्याला नंतर. ऑगस्टमध्ये उलटं झालं: लाकूड फुगलं, डावं दार आवळून बसू लागलं. नाना रंधा घेऊनच आले होते. चहा पाजून परत पाठवलं. दिवाळीपर्यंत दार आपोआप मोकळं झालं.

पितळी स्क्रूंचं एक गाऱ्हाणं. वीस किलोमीटरवर सोनगीर, पितळेची भांडी घडवणारं गाव, आणि मला आडव्या खाचेचे पितळी स्क्रू मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणावे लागले! अॅशमध्ये पितळी स्क्रू थेट पिळला तर डोकं तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करायची, मग पितळीला मेण लावून घालायचा. मी चार तोडल्यावर शिकलो.

आणि जुने तुकडे कितीही सडलेले असोत, फेकू नका. भोकांच्या जागा त्यांच्यावरूनच घ्यायच्या असतात. मी ते अंगणात पोत्यात ठेवले होते. डिसेंबरच्या थंडीत डावा मागचा कोपरा आईने आंघोळीच्या बंबात घातला. तिच्या दृष्टीने ते सरपणच. मग उजव्याच्या मापावरून उलटा कोपरा आखला, तर पाच मिलिमीटर फरक. या बॉड्या हाताने जुळवलेल्या, डावं-उजवं तंतोतंत सारखं नसतंच. सबंध सांगाडा एकदम सुटा केला असता तर मी आजही गॅरेजमध्येच असतो. एक तुकडा काढा, एक बसवा, दार लावून बघा, चिकटवणं सगळ्यात शेवटी.

वाळवीचं औषध लाकडाच्या कापलेल्या टोकांना दोन हात दिलंय, अजून कीड दिसली नाही. हुडाचे खिळे मागच्या पट्टीत घट्ट आहेत. उजवा खांब येत्या जानेवारीत पुन्हा उघडणार. तोवर ते दार लावताना खालून गुडघ्याने किंचित उचलावं लागतं. ही खोड मलाच ठाऊक, त्यामुळे किल्ली कुणाला देत नाही.