‘टोकन गेलंय’ म्हणणाऱ्याच्या हातात टोकन देऊ नका

निपाणीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. २० तारखेला जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नवर डिजिटल सही करायला बसले, तर पोर्टल म्हणतंय ‘फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन टू द सर्व्हर. काइंडली रीस्टार्ट द एमसाइनर’. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, काढून दिलेल्या एजंटाला बोलावलं. ते सर्टिफिकेट पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असतं. त्यानं टोकन स्वतःच्या लॅपटॉपला लावलं, पाच मिनिटं काहीतरी खुडबुड केली. “मालक, टोकन करप्ट झालंय. सर्टिफिकेट गेलं बघा. नवीनच काढायला पाहिजे.” उशीर झाला तर रोजचे ५० रुपये आणि कराच्या रकमेवर १८ टक्क्यांनी व्याज, म्हणून मालकांनी मुकाट्यानं पैसे दिले. जुन्या सर्टिफिकेटची १४ महिन्यांची मुदत शिल्लक होती.

टोकनला काहीही झालं नव्हतं. तो संदेश टोकनचा नाहीच. एमसाइनर हा सही करण्यासाठी आपल्याच संगणकावर चालणारा प्रोग्राम. ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर १५८५ पोर्टमधून बोलतो. तो बंद पडला, अँटिव्हायरसनं अडवला किंवा ब्राउझरनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, की हाच संदेश येतो. एमसाइनर पूर्ण बंद करायचा, आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं सुरू करायचा. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ उघडायचं आणि सुरक्षेचा इशारा आला तर ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढं जायचं. याला कुणी पैसे मागत असेल तर फार तर येण्याजाण्याचे द्या.

मग त्या पाच मिनिटांत झालं काय? टोकन मॅनेजर, म्हणजे टोकनसोबत येणारा प्रोग्राम, उघडून ‘इनिशियलाइझ’ दाबलं. सहीची खासगी ‘की’, म्हणजे गुप्त किल्ली, टोकनच्या चिपमध्येच असते, ती बाहेर काढता येत नाही, तिची दुसरी प्रत कुठंही नसते. इनिशियलाइझ केलं की ती कायमची पुसली जाते. म्हणजे टोकन हातात देताना सर्टिफिकेट शाबूत होतं, परत आलं तेव्हा खरंच रिकामं होतं. एजंटाचं बोलणं त्यानं स्वतःच खरं करून दाखवलं.

म्हणून कुणाला बोलावण्याआधी टोकन मॅनेजर स्वतः उघडा. टोकन ईपास २००३ असो वा प्रॉक्सकी, आत आपल्या नावाचं सर्टिफिकेट आणि मुदत दिसली, तर बिघाड टोकनच्या बाहेर आहे. टोकन फक्त सीडी ड्राइव्हसारखं दिसत असेल तर ड्रायव्हर बसवलेला नाही. तो त्याच ड्राइव्हमध्ये असतो. काहीच दिसत नसेल तर यूएसबी हब काढून थेट संगणकाला लावा. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा मारून टोकन लॉक झालं असेल, तरी काही टोकनांचं कुलूप आतलं न पुसता काढता येतं. सर्टिफिकेट दिलेल्या कंपनीच्या सपोर्टला आधी विचारा.

आपल्या भागातली दुसरी लबाडी सीमेच्या नावावर चालते. निपाणीत दुकान, कागलला गोडाऊन. एक जीएसटी नंबर कर्नाटकच्या २९ नं सुरू होतो, दुसरा महाराष्ट्राच्या २७ नं. एजंट सर्टिफिकेटचं ‘सब्जेक्ट’ उघडून बोट ठेवतो: “हे बघा, एस म्हणजे स्टेट, इथं कर्नाटक आहे. महाराष्ट्रात कसं चालणार?” चालतं. ती ओळ फक्त अर्जातल्या पत्त्याची. पोर्टल बघतं ते पॅन, आणि त्याचा ६४ अक्षरांचा हॅश (पॅनवरून गणितानं काढलेला सांकेतिक ठसा) त्याच ‘सब्जेक्ट’मध्ये ‘सीरियल नंबर’ म्हणून असतो. सही करणारा एकच असेल तर एकच डीएससी दोन्ही लॉगिनमध्ये रजिस्टर करायची. आणि एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर जीएसटीला डीएससीची सक्तीच नाही, ओटीपीवर काम होतं. हे मात्र विकणारा आपणहून सांगत नाही.

सरकारी कामं घेणाऱ्या ठेकेदारांना टेंडरसाठी सही आणि एन्क्रिप्शन अशी दोन सर्टिफिकेटं लागतात. जोडीचे पैसे घेऊन एकच घातलेलं टोकन हातात येतं आणि ते कळतं बोली भरायच्या शेवटच्या दिवशी. सर्टिफिकेट उघडून ‘की यूसेज’ बघा: एकात ‘डिजिटल सिग्नेचर’, दुसऱ्यात ‘की एन्सायफरमेंट’ असायला हवं. तीन वर्षांचे पैसे दिले असतील तर ‘व्हॅलिड टू’ची तारीखही तिथंच वाचून घ्या. अर्जात मोबाइल आणि ईमेल आपलाच घाला. एजंटाचा असला तर पुढचे ओटीपी त्याच्याकडं जातात, आणि टोकनही ‘फाइलमध्ये राहू दे’ म्हणून त्याच्याचकडं राहिलं, तर सही कुठं कुठं होईल ते त्यालाच ठाऊक.

सहीची ‘की’ दुसऱ्याच्या हाती गेल्याचा संशय असेल तर सर्टिफिकेट लगेच रद्द करायला सांगा. आयटी कायद्याच्या कलम ४२ नुसार ती जबाबदारी आपलीच आहे. दुसऱ्याची सही लबाडीनं वापरणं कलम ६६सी खाली येतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला, तक्रार कर्नाटकात सीईएन (सायबर, आर्थिक, अमली पदार्थ) पोलिसांत.

पुसलेल्या टोकनचा पुरावा मात्र टोकनमध्ये शोधू नका. त्या सर्टिफिकेटनं आधी सही केलेली कुठलीही पीडीएफ उघडा, सहीवर क्लिक करून सर्टिफिकेट बघा. जुन्या सर्टिफिकेटचा स्वतःचा सीरियल नंबर (‘सब्जेक्ट’मधला पॅनचा नव्हे) आणि मुदतीची तारीख तिथं जशीच्या तशी असते. त्याची प्रिंट आणि नव्या सर्टिफिकेटची पावती एकत्र जोडा.